पाणी मिळाले, हाडांचे काय?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याला शिवण्याच्या हक्काचा होता. आज रेणापूर तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत हापसे आले, बोअर आले, नळ येत आहेत. आता विचारायचे ते एवढेच, की या पाण्यात काय आहे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. त्याची छायाचित्रे देशभर झळकली. पण ती रेल्वे शहरासाठी होती. खेड्यांनी टँकर आणि खोल बोअरवर दिवस काढले. खडकात फार काळ मुरलेल्या पाण्यात फ्लोराईड उतरण्याचा धोका असतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवट भागातील भूजलात ते आढळलेले आहे. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेले, की आधी मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे सांधे आखडतात, कणा वाकतो. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. त्याच पाण्यात डाळ शिजते, पीठ मळले जाते.

फ्लोराईड हा धातू नव्हे, पण जड धातूही याच वाटेने हाडांपर्यंत जातात. जपानच्या तोयामा भागात खाणीतले कॅडमियम नदीत, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसांत गेले. आधी मूत्रपिंडे निकामी झाली, मग हाडे ठिसूळ झाली. बळी पडल्या त्या मुख्यतः वयस्क स्त्रिया. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हेच रोगाचे नाव पडले. १९६८ मध्ये तेथील सरकारने हा प्रदूषणाचा रोग मानला. पीडित कंपनीविरुद्ध न्यायालयात लढले आणि जिंकले.

आपल्याकडे मात्र दुखणे ‘वात’ ठरते, वयावर ढकलले जाते. ज्याच्या ताटात कॅल्शियम आणि लोह कमी, त्याच्या शरीरात कॅडमियम आणि शिसे अधिक शोषले जाते. कॅल्शियम कमी असले की फ्लोराईडही हाडांना जास्त छळते. मग दूध परवडत नाही अशा भूमिहीन मजुराचे आणि ऊसतोड करणाऱ्या बाईचे हाड आधी मोडणार नाही तर कोणाचे?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाच जणींत आपल्या वस्तीतली बाई आहे का, हे ग्रामसभेत विचारा. साध्या संचात फ्लोराईड कळते. शिसे आणि कॅडमियमसाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा. वस्तीच्या विकासनिधीतून सभामंडप जरूर बांधा, पण आधी पाण्याचा अहवाल मागा. शाळेतली खिचडी कोणत्या पाण्यात शिजते, तेही विचारा.

येत्या २० मार्चला महाडला अभिवादन करताना प्रत्येक वस्तीतल्या हापशाचा अहवाल जाहीर वाचला जावा. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण लढून मिळवला. ते पाणी निर्धोक असण्याचा हक्कही कोणी आयता आणून देणार नाही.