पुढच्या शिबिराचा शिधा आपण भरायचा आहे

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या जुन्या साधकांना कळकळीची विनंती : याच आठवड्यात आपापल्या विपश्यना केंद्राला दान द्या. गोराईचं धम्मपत्तन असो, टिटवाळ्याचं धम्मवाहिनी असो की खडवलीचं धम्मसरिता. जिथे बसलात, तिथे द्या.

घाई एवढ्यासाठी, की एक शिबिर उठतं तेव्हा पुढच्याचे अर्ज भरून झालेले असतात. तांदूळ-डाळ, दूध, गॅस, वीजबिल काही दानाची वाट बघत थांबत नाही. शिबिराला शुल्क नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत, शिकवणाऱ्यांना मानधन नाही. आणि दान घ्यायचं तेही दहा दिवसांचं निदान एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. बाहेरचे कोणी शेठ चेक घेऊन आले, तरी आधी शिबिराला बसा, असंच त्यांना सांगितलं जातं. या नियमानं देणारे हात मोजकेच राहतात, पण मला तो मनापासून पटतो. त्यामुळे इथे कोणी गिऱ्हाईक नसतं आणि कोणी आश्रितही नसतं.

पहाटे चारच्या घंटेला आपण डोळे चोळत उठायचो, तेव्हा स्वयंपाकघरात कोणीतरी नाश्त्याच्या तयारीला लागलेलं असायचं. अकराला गरम जेवण, संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, एखादं फळ. ते सगळं आपल्या आधी बसून गेलेल्या कुणा अनोळखी माणसानं भरलेलं होतं. दहाव्या दिवशी मेत्ता झाली, मौन सुटलं, सगळे एकदम बोलायला लागले आणि त्या गलक्यात दानाचं टेबल राहून गेलं. 'घरी गेल्यावर पाठवतो' म्हणून अनेकांनी लोकल गाठली. गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं दोनदा बेल वाजवतात. इथून कोणी येत नाही, म्हणून हे आवाहन.

सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून आजारी आईसाठी मुंबईत आले आणि जुलै १९६९ मध्ये इथल्याच एका धर्मशाळेत त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. साधक होते १४. आज गोराईच्या पॅगोड्यात, एकही खांब नसलेल्या घुमटाखाली, आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. बोटीनं खाडी ओलांडून येणारे पर्यटक तो घुमट बघतात आणि म्हणतात, यांना काय कमी? पण दगडी घुमट एकदा बांधून होतो. शेजारच्या केंद्रातलं पातेलं रोज चढवावं लागतं.

रक्कम कितीही चालेल. महिन्याला थोडी, पण नेमानं आली तर व्यवस्थापकांना खर्चाचा अंदाज बांधता येतो, म्हणून बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवणं सगळ्यांत उत्तम. हात तंग असेल तर सेवेला या. भाजी निवडायला, भांडी घासायला, घंटा द्यायला माणसं लागतात. पूर्ण दहा दिवस जमत नसतील तर जमतील तेवढे दिवस द्या, मात्र आधी कार्यालयाला कळवा.

जे अजून शिबिराला बसलेले नाहीत, त्यांनी कृपया पैसे पाठवू नयेत. अर्ज भरावा.

बँकेचा तपशील केंद्राच्या कार्यालयातूनच घ्या, पावती मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर, तो या आवाहनासोबत आलेला असला तरी, एक रुपयाही पाठवू नका.

– एक जुना साधक, बोरिवली