दोन नावांचे आत्मचरित्र

मो फराह या ब्रिटिश धावपटूचे 'ट्विन अ‍ॅम्बिशन्स' हे आत्मचरित्र २०१३ साली प्रसिद्ध झाले. आदल्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटर अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवून तो ब्रिटनमध्ये घराघरांत पोचला होता. अशा यशानंतर खेळाडूंची जी आत्मचरित्रे निघतात त्यांतलेच हे एक होते. सहलेखकाच्या मदतीने लिहिलेले, वाचायला सोपे, शेवटी उमेद देणारे. आईबरोबर लहानपणी ब्रिटनला आलेल्या आणि तिथे वडिलांजवळ वाढलेल्या एका सोमाली मुलाची गोष्ट त्यात होती. नऊ वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, बीबीसीच्या 'द रिअल मो फराह' या माहितीपटात त्याच माणसाने सांगितले की या गोष्टीचा पायाच खोटा होता.

खरी हकीकत थोडक्यात अशी. त्याचे मूळ नाव हुसेन अब्दी काहिन. जन्म १९८३ चा, आज सोमालीलँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातला. तो चार वर्षांचा असताना यादवीतल्या गोळीबारात वडील मारले गेले. पुढे त्याला शेजारच्या जिबूतीत नातेवाइकांकडे धाडण्यात आले आणि तिथून, आठ-नऊ वर्षांच्या वयात, एका अनोळखी बाईने त्याला विमानाने ब्रिटनला आणले. कागदपत्रांवर फोटो त्याचा होता, नाव मात्र मोहम्मद फराह या दुसऱ्याच मुलाचे. नातेवाइकांचा पत्ता लिहिलेला एक कागद त्याच्याजवळ होता; तो त्या बाईने त्याच्यादेखत फाडून केराच्या टोपलीत टाकला. त्यानंतर काही वर्षे हा मुलगा परक्या घरात घरकाम करत होता, त्या घरची लहान मुले सांभाळत होता. घरच्यांची पुन्हा भेट व्हावी असे वाटत असेल तर तोंड उघडायचे नाही, अशी त्याला ताकीद होती.

या खुलाशानंतर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. बहुतेकांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले. काहींनी, मग आधीचे पुस्तक खोटेच म्हणायचे, असा हिशेब मांडला. मला या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. खरे सांगणे कोणाला परवडते?

फ्रेंच समीक्षक फिलिप लजन यांनी १९७५ साली मांडलेली 'आत्मचरित्रात्मक करारा'ची कल्पना आपल्या परिचयाची आहे. लेखक, निवेदक आणि जिचे चरित्र सांगितले जात आहे ती व्यक्ती, या तिघांचे नाव एकच असणे ही या कराराची मूळ अट. मुखपृष्ठावरचे नाव हीच वाचकाला दिलेली हमी. फराहच्या पुस्तकात ही अट अक्षरशः पाळली गेली आहे. मुखपृष्ठावर मो फराह, निवेदक मो फराह, नायकही मो फराह. पासपोर्टवरही तेच नाव. तरीसुद्धा करार मोडला, आणि तो मोडला नेमका नावापाशीच. लजन यांच्या मांडणीत या नावामागे नागरी नोंदवहीचा आधार गृहीत धरलेला आहे. सरकारदरबारी नोंदलेल्या नावाचा माणूस खरोखर अस्तित्वात आहे, एवढा विश्वास ठेवूनच वाचक पुस्तक उघडतो. नोंदवहीच जिथे चुकीच्या माणसाची साक्ष देते तिथे काय करायचे, याचे उत्तर या मांडणीत नाही. ज्यांची नावे जन्मापासून मरणापर्यंत एकाच नोंदवहीत सुखरूप राहतात, अशा लेखकांवरून हा सिद्धान्त बांधलेला आहे, ही त्याची मर्यादा येथे उघडी पडते.

या मुलाने हे नाव निवडलेले नव्हते. साधारण बाराव्या वर्षी तो पश्चिम लंडनमधल्या फेल्टमच्या शाळेत दाखल झाला तेव्हा सोमालियातून आलेला निर्वासित अशी त्याची नोंद झाली. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. अ‍ॅलन वॉटकिन्सन या क्रीडाशिक्षकांच्या लक्षात आले की मैदानावर गेला की हा मुलगा वेगळाच होतो. आपली खरी हकीकत त्याने प्रथम सांगितली ती त्यांनाच. वॉटकिन्सन यांनी समाजसेवा खात्याला कळवले आणि त्याची सोय दुसऱ्या एका सोमाली कुटुंबात झाली. म्हणजे सत्य अगदीच दडलेले नव्हते. ते एका शाळेतल्या आणि एका घरातल्या माणसांना ठाऊक होते. पुढे चौदाव्या वर्षी लॅटव्हियात धावायची संधी आली तेव्हा त्याच्याजवळ प्रवासाची कागदपत्रेच नव्हती. शिक्षकांनी खटपट केली, अर्ज झाले, आणि जुलै २००० मध्ये त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. मोहम्मद फराह या नावाने. ज्या मदतीमुळे तो धावपटू झाला तिनेच ते उसने नाव कायमचे पक्के केले. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. समोरच्या मुलाला स्पर्धेला जायचे होते आणि उपलब्ध कागद तेवढेच होते.

या पार्श्वभूमीवर २०१२ मधला एक प्रसंग आता वेगळा दिसतो. दहा हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकल्यावर पत्रकार परिषदेत त्याला विचारण्यात आले, की सोमालियाकडून धावायला तुला अधिक आवडले असते का. हाच माझा देश आहे, असे त्याने ठासून सांगितले. त्या उत्तराचे ब्रिटनमध्ये भरभरून स्वागत झाले. बहुसांस्कृतिक ब्रिटनचे प्रतीक म्हणून त्याचे चित्र रंगवले गेले. परंतु ज्या कागदाच्या बळावर तो देश त्याचा होता तो कागद सदोष आहे, हे त्या दालनात एकट्या त्यालाच ठाऊक असावे. १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानुसार फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीवर मिळवलेले नागरिकत्व सरकार काढून घेऊ शकते. अशा माणसाने पुढच्याच वर्षी आत्मचरित्रात सारे खरे लिहावे, ही अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करणार?

अर्थात, एवढ्याने त्या पुस्तकाची नैतिक बाजू निकालात निघत नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही, उलट त्यांनी तो पुरेसा पुढे नेलेला नाही असेच वाटते. त्या पुस्तकाने वाचकांची दिशाभूल केली हे तर खरेच. पण सर्वांत मोठा अन्याय झाला तो दोन व्यक्तींवर. पहिली त्याची आई. मुलापासून दुरावलेल्या या बाईला, ती मुलाबरोबर ब्रिटनला आली असे लिहून, तिच्या वियोगाच्या दुःखासकट पुसून टाकण्यात आले. प्रत्यक्षात तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला तो बऱ्याच काळाने, लंडनमधल्या एका सोमाली बाईने आणून दिलेल्या ध्वनिफितीतून. दुसरी व्यक्ती म्हणजे ज्याचे नाव घेतले गेले तो मूळचा मोहम्मद फराह. एका माणसाचे नाव मुखपृष्ठावर ठळक छापलेले आहे आणि तो माणूस पुस्तकात कुठेच नाही, असे हे विलक्षण आत्मचरित्र आहे. माहितीपटात या दोघांचे फोनवर बोलणे होते. तेव्हा तो दुसरा मोहम्मद इस्तंबूलमध्ये होता. त्याच्या वाट्याचा प्रवास त्याला करता आला नव्हता.

हे सारे मान्य करूनही माझा मूळ मुद्दा उरतोच. स्थलांतरिताकडून राज्यसंस्था एक गोष्ट मागत असते. आश्रय मागणाऱ्याने ती एकदा सांगायची आणि मग प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक अर्जात तशीच सांगायची. तपशिलात फरक पडला की सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेतली जाते. आपण साहित्याचे लोक स्मृती चंचल असते, कथन बदलत असते, 'मी' एकसंध नसतो, असे वर्गात किती सहज सांगतो! निर्वासितांच्या दाव्यांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ही चंचलता खोटेपणाचा पुरावा ठरते. फराहने आपली गोष्ट बदलली तेव्हा तिला धैर्य म्हटले गेले, कारण तोवर त्याच्याकडे चार ऑलिंपिक सुवर्णपदके होती, २०१७ मध्ये मिळालेला 'सर' हा किताब होता. गृहखात्याने त्याच्यावर कारवाई होणार नाही हे लगेच जाहीर केले, आणि फसवणुकीत लहान मुलाचा वाटा धरला जात नाही या आपल्या धोरणाकडेही बोट दाखवले. हे धोरण न्याय्यच आहे. पण ते आपल्याला लागू होईल असा भरवसा कोणाला वाटू शकतो, हे पाहायला हवे. फराहलाही तो वाटायला दोन दशके लागली.

माहितीपट दाखवला गेला तो महिनाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही आठवड्यांपूर्वीच, १४ जून २०२२ रोजी, आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला नेणारे पहिले विमान न्यायालयीन हस्तक्षेपामुळे ऐन वेळी रद्द झाले होते. ती योजना पुढे २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. एकाच उन्हाळ्यात तो देश एका निर्वासिताची खरी कहाणी डोळे पुसत ऐकत होता आणि इतरांना त्यांची कहाणी आपल्या भूमीवर सांगूच न देण्याची तयारी करत होता.

मराठी वाचकाला नाव आणि नोंदवही यांचे नाते नवे नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापाचे नाव कोणते लावायचे, हाच मुलाच्या आयुष्याचा पेच होऊन बसतो. दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकवले की जे झाकायला सांगितले गेले तेच उघड लिहिणे हा आत्मकथनाचा धर्म. त्या लेखकांनी मोजलेली किंमत थोडी नव्हती. परंतु खरे लिहिल्याबद्दल त्यांना देशाबाहेर काढता येत नव्हते. तीच कसोटी स्थलांतरिताच्या आत्मचरित्राला जशीच्या तशी लावणे म्हणूनच गैर आहे. 'ट्विन अ‍ॅम्बिशन्स' अभ्यासक्रमात घ्यावे इतके ते वाङ्मयदृष्ट्या मोठे नाही. पण घेतलेच तर माहितीपटाशेजारी ठेवून, भीतीखाली लिहिलेला दस्तऐवज म्हणून ते वाचावे. त्यातली खोटी वाक्ये ही त्या भीतीची सर्वांत विश्वसनीय साक्ष आहे.

धावपटू म्हणून फराहची एक खासियत होती. सुरुवातीच्या फेऱ्या तो मागे, घोळक्यात लपून काढायचा आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे येऊन मग जागा सोडायचा नाही. लंडनच्या दोन्ही शर्यतींत त्याने शेवटचे ४०० मीटर ५३ सेकंदांच्या आसपास पार केले. २०१६ साली रिओमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत तो मध्येच पडला, उठला आणि जिंकला. त्याच्या आयुष्याचे रूपक या शर्यतींत शोधण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. शर्यत त्याने स्वतः निवडली होती आणि तिथे सगळ्यांना अंतर सारखे होते.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१५ साली, म्हणजे जगाला काहीही सांगण्याच्या सात वर्षे आधी, त्याला मुलगा झाला. त्याचे नाव त्याने हुसेन ठेवले. ते वर्तमानपत्रांत छापून आले आणि आपण सर्वांनी एका प्रसिद्ध खेळाडूच्या मुलाचे नाव म्हणून वाचून सोडून दिले.