पाट्या आणि पूल

मंडळी, 'रूळ ओलांडू नका' छापाच्या पाट्यांवरचा रेल्वेचा खर्च वाया जातो का? माझं मत असं, की नुसता उपदेश असेल तर जातो. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार पोरांना आठवड्याभरात दिसेनासे होतात, हे कुठल्याही मास्तराला विचारा!

वडाळ्याला २०१० मध्ये मात्र वेगळा प्रयोग झाला. लोक जिथून रूळ ओलांडत, तिथेच गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची तीन छायाचित्रं लावली. गाडीचा वेग डोळ्यांना कळावा म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. मोटरमनने एका लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्या द्यायच्या. उपदेशाचं एक अक्षर नाही, आणि तरी तिथले मृत्यू घटले. अशी पाटी मी आनंदाने पैसे देऊन लावेन.

पण 'पुलाचा वापर करा' म्हणायचं तर पूल तरी धड हवा ना? २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ती काही रुळांवर उतरलेली नव्हती. पाटीचं ऐकणाऱ्याचा जीव आधी सांभाळा, मग न ऐकणाऱ्याला शिकवा. पटतंय का?