‘पानी’ अशुद्ध, मग ‘कान’ शुद्ध कसा?

#थ्रेड

विदर्भातला एखादा मुलगा वक्तृत्व स्पर्धेत ‘पानी’ म्हणतो आणि सभागृहात हशा पिकतो. परीक्षक गुण कापतात, वर समजूतही घालतात : मूळ उच्चार ‘ण’, त्याचा ‘न’ करणे हा भाषेचा ऱ्हास. हा दावा इतिहासाचा आहे. तेव्हा तो इतिहासाच्याच कसोटीवर घासून पाहणे योग्य.

संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात त्याचे ‘पाणिअ’ झाले आणि मराठीत ‘पाणी’. ‘जानाति’वरून ‘जाणणे’, ‘आनयति’वरून ‘आणणे’, ‘नवनीत’वरून ‘लोणी’. ज्या ‘ण’ला शुद्धतेचा मानदंड मानले जाते, तो या शब्दांत स्वतःच एका ‘बिघाडा’चे फळ आहे. प्राकृताचा वैयाकरण वररुची याने तर ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो, असा नियमच नोंदवून ठेवला.

आता उलट बाजू. ‘कर्ण’मध्ये ‘ण’ आहे. प्राकृतात ‘कण्ण’ झाले, मराठीत ‘कान’. ‘पर्ण’चे ‘पान’, ‘चूर्ण’चा ‘चुना’, ‘जीर्ण’चे ‘जुने’, ‘सुवर्ण’चे ‘सोने’. येथे ‘ण’चा ‘न’ झाला, आणि तो सदाशिव पेठेतही झाला. त्यावर कोणी हसत नाही.

यामागे गोंधळ नाही, नियम आहे. दोन स्वरांमधला एकेरी ‘न’ ‘ण’ झाला. जोड ‘ण्ण’ सैल होऊन ‘न’ उरला. ‘ल’ची कथा तशीच. ‘फल’चे ‘फळ’, पण ‘फुल्ल’चे ‘फूल’. ‘काल’ म्हणजे समय, त्याचा झाला ‘काळ’. ‘कल्य’चे प्राकृतात ‘कल्ल’ आणि मराठीत ‘काल’, म्हणजे गेलेला दिवस. काळ आणि काल या जोडीत दीड-दोन हजार वर्षांचा ध्वनी-इतिहास साठलेला आहे. १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाने मराठीच्या घडणीतील अशा बदलांची शिस्तशीर मांडणी केली, त्यालाही आता शंभर वर्षे उलटली.

याचा अर्थ वऱ्हाडीने संस्कृतचा ‘न’ जपून ठेवला असा मुळीच नव्हे. (असा उलटा गर्वही अधूनमधून ऐकू येतो, तोही तितकाच पोकळ.) वऱ्हाडीतला ‘न’ हा ‘ण’नंतरचा, पुढचा टप्पा आहे. एवढेच, की तो टप्पा ‘कण्ण’चा ‘कान’ होण्यापेक्षा कमी प्रतीचा नाही.

‘हा तर हिंदीचा परिणाम’ असे उत्तर लगेच येते. मग त्याच बोलीत ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो कोणत्या हिंदीतून आला? हिंदीत तर ‘काला’ आहे. शेजाराचा प्रभाव असू शकतो, पण बोलीची प्रत्येक लकब शेजाऱ्याच्या खात्यावर टाकणे हा अभ्यास नव्हे, आळस आहे.

राहिला ‘निष्काळजी जिभे’चा आरोप. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये कॅनडातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. घरात जो भेद अर्थ वेगळा करत नाही, त्याकडे कान वर्षभरात दुर्लक्ष करू लागतो. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने आपल्या आईची भाषा चोख आत्मसात केलेली असते. शिकण्यात त्याने कसूर केलेली नाही.

लेखनाला एक प्रमाण असावे, हे मान्यच. परंतु ते प्रमाण कसे ठरले, हेही ठाऊक असावे. एकोणिसाव्या शतकात व्याकरणे, कोश आणि शालेय पुस्तके सिद्ध झाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्या घडामोडीत पुण्याकडच्या शिष्ट वर्गाची बोली प्रमाण ठरली. कारण विद्या, छापखाना आणि सरकारदरबार यांच्याशी जवळीक त्या वर्गाची होती. त्या बोलीचा ‘ण’ अधिक प्राचीन किंवा अधिक निर्दोष होता, म्हणून नव्हे.

आणि निर्दोषतेचाच आग्रह असेल, तर तो ‘ष’पासून सुरू करावा. हा मूर्धन्य वर्ण, ‘ण’चा सख्खा शेजारी. आज प्रमाण मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी तो ‘श’मध्ये विरून गेला आहे. ‘पानी’साठी गुण कापणारे परीक्षक बक्षीस समारंभात ‘विशेष उल्लेखनीय’ म्हणतात, तेव्हा ‘विशेष’मध्ये दोन वेळा ‘श’च ऐकू येतो.