साडेसहा कोटी वर्षं आणि सहाची डेडलाइन

आपल्या आयुष्यातला सगळ्यात लांबलचक काळ कोणता? होमलोन! वीस वर्षं. त्याच्या अलीकडे अप्रेझल, त्याच्या अलीकडे वीकेंड आणि अगदी नाकासमोर आज संध्याकाळी सहाची डेडलाइन. आपलं घड्याळ साधारण एवढंच. त्यामुळे पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं आहे असं कुणी सांगितलं, की आपण ‘अच्छा!’ म्हणतो आणि चहा घ्यायला निघतो. एवढा आकडा डोक्यात मावणार कसा?

जरा मावतोय का बघू. पृथ्वीचं सगळं वय नऊ ते सहाच्या एका शिफ्टमध्ये कोंबा. सहाला आठ मिनिटं कमी असताना, म्हणजे मंडळी हळूच बॅगा भरायला लागतात तेव्हा, डायनासोर संपले आणि दख्खनभर लाव्हा पसरला. आणि आपण, म्हणजे माणूस? शेवटच्या दोन सेकंदांत. कार्ड मशिनला लावेपर्यंत शिफ्ट खल्लास!

गंमत वाटली ना? पण उद्या सकाळपर्यंत विसरूनही जाल. आकड्यांचं हेच होतं. म्हणूनच काही कलाकारांनी हा अवाढव्य काळ आकड्यांतून काढून थेट आपल्या हाताशी आणून ठेवलाय.

केटी पॅटर्सन ही स्कॉटलंडची कलाकार. तिने २०१३मध्ये ‘फॉसिल नेकलेस’ केला. नाव ऐकून फॅशन वीक आठवेल, पण हा हार म्हणजे एका दोऱ्यात ओवलेले १७० मणी आणि प्रत्येक मणी म्हणजे घासून गोल केलेलं एकेक जीवाश्म. पेशी एकटीच जगत होती तिथपासून सुरुवात. मग खंड सरकतात, डायनासोर जातात, फुलं उमलतात. सजीवांचा अख्खा इतिहास, आणि तोही एका नजरेत मावणारा. दोन मण्यांच्या मधल्या फटीत किती लाख वर्षं बसली असतील, या विचारानेच गरगरायला होतं.

ओलाफूर एलियासनने तर काळाला वितळायलाच लावलं. हा आइसलँडिक-डॅनिश कलाकार आणि त्याचा जोडीदार, ग्रीनलंडचा भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग. ग्रीनलंडच्या हिमस्तरातून सुटून खाडीत तरंगणारे बर्फाचे प्रचंड ठोकळे त्यांनी उचलले आणि भर शहरात मांडले. २०१४मध्ये कोपनहेगन, २०१५मध्ये हवामान परिषद चालू असताना पॅरिस आणि २०१८मध्ये लंडन. पॅरिसच्या चौकात बारा ठोकळे, घड्याळाच्या बारा आकड्यांसारखे गोल. कामाचं नाव ‘आइस वॉच’.

ऑफिसला निघालेली माणसं थांबली. कुणी हात लावला, कुणी गाल टेकवला, कुणी कान. बर्फ वितळताना आतून बारीक टकटक ऐकू येते. शेकडो-हजारो वर्षं कोंडलेली हवा बुडबुडे फोडून बाहेर पडत असते. ज्या काळात कुणी फोटो काढत नव्हतं, त्या काळातली हवा तुमच्या कानाशी! तापमानवाढीच्या बातम्या आपण रोज स्क्रोल करतो, पण बोटं बधिर झाली की तीच बातमी अंगावर येते. ‘बर्फ इतक्या लांबून आणायला इंधन जाळलंच ना?’ असंही लोकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. कलाकाराच्या चमूने त्या प्रवासाचा कार्बनचा हिशोबही मांडला.

‘विश्वापुढे आपण किती क्षुद्र’ असलं प्रवचन द्यायला ही कामं केलेली नाहीत. ती एकच गोष्ट दाखवतात. जे जमायला युगं लागली, ते आपल्या दोन सेकंदांत संपू शकतं. आणि ते संपताना आपण तिथेच उभे असतो, बहुतेक मोबाइलमध्ये डोकं घालून.

हे बघायला लंडनचं तिकीट कशाला काढायचं? ट्रेकला आपण ज्या सह्याद्रीवर घाम गाळतो तो, आजीच्या पाटा-वरवंट्याचा काळा दगड, सगळं त्याच शेवटच्या आठ मिनिटांतल्या लाव्ह्याचं. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे ६० मीटर उंच, काळ्या बेसॉल्टचा सरळसोट सुळका, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. वर गावदेवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी इमारतींचा गराडा. तिथे ना गॅलरी, ना क्युरेटर, ना वाइन. रोज हजारो लोक आजूबाजूने जातात, पण मान वर करून बघणारे किती?

तर या रविवारी मॉलला दांडी मारा. वर चढा, दगडाला हात लावा आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा. सोमवारची डेडलाइन सोमवारीच येणार आहे, बॉस. या दगडाने तुमच्यासाठी बराच वेळ वाट बघितलीय!