उशाशी बसलेलं माणूस

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं आणि पुढं हे दवाखान्यांचंच गाव झालं. सातारा-सांगलीकडचा, अगदी सीमेपलीकडच्या कर्नाटकातलाही पेशंट इथं आला, की सोबत घरचं एक माणूस असतंच. खाटेखाली चटई, पिशवीत फाइल, सलाइन संपत आली की नर्सला हाक. घरी परतल्यावर लकवा झालेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम बहुधा सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतं. कौतुक मात्र पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाचं!

ही माया घराबाहेर नेणाऱ्या सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. 1897 च्या प्लेगात पुण्यात रुग्णसेवा करताना त्यांनाच लागण झाली. 10 मार्चला त्या गेल्या.

हा अंक रुग्णापेक्षा त्याच्या उशाशी बसणाऱ्यांचा आहे: त्यांची झोप, बुडालेला रोजगार, चिडचिडसुद्धा. ‘सेवा’ म्हणून गोडवे गायचे आणि त्यांना एकटं पाडायचं, हे आम्हाला मान्य नाही. तुमच्या घरी ही पाळी कशी वाटून घेतली, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.