गोंदिया ते कोल्हापूर दोन तासांत? कोणाच्या घड्याळात?

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. 'गोंदिया ते कोल्हापूर हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर, विमानाने फक्त दोन तास!' खाली हात जोडलेल्या नेत्यांचे फोटो आणि 'थेट विमानसेवा लवकरच'.

अंतर बरोबर आहे. छोटं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे दोन तासही बरोबर. फक्त विमान तेवढं नाही!

कबूल करतो, असलाच आकडा मीही एकदा हेडलाइनमध्ये छापलाय. प्रेसनोट आली, बातमी लावली. विमान कोणत्या कंपनीचं, आठवड्यातून किती दिवस, तिकीट किती, काही विचारलं नाही. चूक माझीच.

आता जमिनीवरचा हिशेब बघा. कोल्हापूरला जायला आपली हक्काची गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे असा वळसा घालत १,३०० किलोमीटरहून जास्त अंतर आणि सुमारे २८ तास. आमच्या गल्लीतला एक पोरगा कोल्हापुरात शिकतो. पहाटे त्याचे वडील गेले. विमानाचं पाहिलं तर हैदराबादमार्गे वेळा जुळत नव्हत्या, मध्ये एक रात्र काढावी लागत होती. शेवटी दुपारच्या गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचला तेव्हा अग्नी चुलत भावाने दिलेला होता. त्याला सांगा दोन तास!

मग थेट विमान मागायचं का? माझं मत, नाही. बिरसीहून २०२२ मध्ये इंदूर-हैदराबाद विमान वाजतगाजत सुरू झालं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. उडान योजनेत कंपनीला तोट्याची भरपाई मिळते ती तीन वर्षं. पुढे प्रवासी हवेत. गोंदिया-कोल्हापूरसाठी रोज सत्तर सीटा भरतील? मनावर हात ठेवून सांगा.

त्यापेक्षा हे बघा. गोंदिया-हैदराबाद साधारण ५१५ किलोमीटर, हैदराबाद-कोल्हापूर साधारण ४४५. बेरीज ९६०. थेट अंतरापेक्षा जेमतेम १३० जास्त. हैदराबाद काही वाकडी वाट नाही, जवळपास रस्त्यातच आहे. आणि दोन्ही शहरांना हैदराबादचं विमान मिळालेलं आहे. आपल्याकडे ते डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं.

म्हणून मागणी साधी आहे. एक, दोन्ही विमानांच्या वेळा अशा जुळवा की हैदराबादला दोन-अडीच तासांत पुढचं विमान मिळेल. दोन, तिकीट एकच आणि सामान एकदाच द्यायचं. तीन, बिरसी ते गोंदिया स्टेशन विमानाच्या वेळेला एसटी. घरातून निघून घरी पोहोचेपर्यंत आठ तास लागले तरी चालतील. २८ चे आठ झाले तर लोक दुवा देतील.

यासाठी नवी धावपट्टी लागत नाही, भूमिपूजन लागत नाही, नारळही फुटत नाही. बहुतेक म्हणूनच कोणी बोलत नाही.

खासदारसाहेब, पुढच्या वेळी किलोमीटर सांगू नका. टाइमटेबल दाखवा. आणि पत्रकार मित्रहो, ते दिसेपर्यंत 'दोन तास' छापू नका. मी तरी छापणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू.